विमान कंपन्या एक झाल्या. केबिन क्रूच्या करारांचं आणि युनियनचं काय होतं?

काही दिवसांपूर्वी अनगोळमधले एक ओळखीचे गृहस्थ मोबाईल पुढे धरून म्हणाले, "काय ओ, तुम्ही कॉमर्सवाले, हे जरा वाचून सांगा बघू." त्यांची मुलगी एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली आणि आता नव्या सेवाशर्तींचं इंग्रजी पत्र आलेलं. ठरलेल्या तारखेच्या आत ऑनलाईन सही करायची. गृहस्थांचा प्रश्न साधा होता. "नोकरी तशीच राहणार असं लिहिलंय. मग परत सही कशाला पाहिजे?"

आपल्या भागातल्या किती तरी मुली-मुलं आता या क्षेत्रात आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बेंगळुरूला, गोव्याला, मुंबईला कोर्स करून जातात. त्यामुळे हा प्रश्न एका घराचा नाही. त्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. विमानावरचा रंग एका रात्रीत बदलता येतो, तिकिटावरचा कोडही बदलतो. करार आणि युनियन तशा बदलत नाहीत.

आधी काय काय एकत्र झालं ते बघू

टाटा समूहाने 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडियाचा ताबा घेतला, तेव्हा समूहाच्या हाताखाली चार विमान कंपन्या झाल्या. एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, विस्तारा, आणि पूर्वीची एअरएशिया इंडिया, जिचं नाव नंतर एआयएक्स कनेक्ट झालं. चाराच्या दोन करायच्या ठरलं. 1 ऑक्टोबर 2024 ला एआयएक्स कनेक्ट एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात गेली. विस्तारात सिंगापूर एअरलाईन्सचे 49 टक्के होते. एकत्रित कंपनीत तिला 25.1 टक्के मिळाले.

भागधारकांचा हिशेब असा दशांशापर्यंत लागतो. कर्मचाऱ्यांचा हिशेब कागदावर एका परिच्छेदात संपतो. कंपनी कायद्याखाली विलीनीकरणाची योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते, आणि अशा योजनांमध्ये साधारण एक ठरावीक कलम असतं: सर्व कर्मचारी सेवेत खंड न पडता नव्या कंपनीचे कर्मचारी होतील, आणि त्यांच्या अटी आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसतील.

हे कलम कोणाच्या उदारपणातून येत नाही. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्येच तशी तजवीज होती. उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोकरकपातीसारखी भरपाई द्यावी लागते. ती टाळायची असेल तर तीन गोष्टी पाळायच्या. सेवेत खंड नको, अटी कमी फायद्याच्या नकोत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी वर्षं धरून भरपाई द्यायची जबाबदारी नव्या मालकाने घ्यायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तजवीज आहे.

म्हणजे नोकरी आणि जुनी वर्षं बहुतेक वेळा सुरक्षित असतात. अडचण सुरू होते ती त्याच्या पुढे. "कमी फायद्याच्या नाहीत" हे ठरवायचं कोणी? मूळ पगार वाढला, पण घरभाडं भत्ता गेला. उड्डाणाच्या तासांची हमी कमी झाली, पण बोनस वाढला. बेरीज-वजाबाकी करून कंपनी म्हणणार फायदा आहे, मुलगी म्हणणार तोटा आहे. अशा वेळी टेबलाच्या या बाजूला कोण बसणार, हा खरा प्रश्न.

बँकेचं विलीनीकरण आणि विमान कंपनीचं, यात फरक काय?

आपल्याकडे विलीनीकरण म्हटलं की बँका आठवतात. 1 एप्रिल 2019 ला विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली. 1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरात, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. बोर्ड बदलले, पासबुकं बदलली, आयएफएससी कोडचा त्रास झाला. पण सिंडिकेट बँकेतल्या क्लार्कचं वेतनमान कॅनरात गेल्यावर बदललं का? नाही. कारण ते वेतनमान सिंडिकेट बँकेने ठरवलेलंच नव्हतं. 1966 पासून बँक कर्मचाऱ्यांचे करार इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात, बहुतेक बँकांसाठी मिळून होतात. मालक बदलला तरी करार तोच.

विमान वाहतुकीत असा उद्योगभराचा करार नाही. प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि खासगी कंपन्यांत तर बहुतेक ठिकाणी युनियनच नाही, प्रत्येकाचं नेमणूकपत्र हाच करार. त्यामुळे दोन विमान कंपन्या एकत्र येतात तेव्हा दोन पगारपद्धती, दोन ज्येष्ठता याद्या, सुट्ट्यांचे दोन नियम एकमेकांवर आदळतात. एकाच विमानात शेजारी उभ्या असलेल्या दोघी एकच काम करतात आणि वेगवेगळ्या पगारपत्रकावर असतात.

याचा जुना अनुभव एअर इंडियालाच आहे. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाईन्स या दोन सरकारी कंपन्या एकत्र केल्या. कंपनी एक झाली, युनियन मात्र वेगवेगळ्याच राहिल्या. इंडियन एअरलाईन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड. 2011 मध्ये पहिल्या संघटनेने समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. 2012 मध्ये दुसरीने केला, तो 58 दिवस चालला. वादाचं मूळ होतं नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण दोन्ही गटांना द्यायचं की नाही. दोन्ही वेळा व्यवस्थापनाने त्या त्या संघटनेची मान्यता काढून घेतली. कर्मचाऱ्यांची सांधेजोड कशी करायची यासाठी सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली, तिचा अहवाल 2012 मध्ये आला. विलीनीकरणाला तोवर पाच वर्षं होत आली होती.

एक्सप्रेसमध्ये मे 2024 ला काय झालं

ही गोष्ट वैमानिकांची नाही, केबिन क्रूचीच आहे, म्हणून जरा सविस्तर.

एआयएक्स कनेक्टशी विलीनीकरणाचं काम चालू होतं. एअर इंडिया एक्सप्रेसच्या जुन्या केबिन क्रूमध्ये एक नोंदणीकृत युनियन होती, भारतीय मजदूर संघाशी संलग्न. तिची तक्रार अशी होती की विलीनीकरणाच्या निमित्ताने भत्ते काढून घेतले जात आहेत आणि जुन्या-नव्या लोकांना सारखी वागणूक मिळत नाही. ही तक्रार अचानक आलेली नव्हती, केंद्रीय कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे आधीच गेलेली होती.

7 मे 2024 च्या रात्रीपासून शेकड्यांनी क्रूने ऐनवेळी आजारी असल्याचं कळवलं. दोन दिवसांत शंभराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. आखाती देशांतल्या नोकरीवर परत निघालेले लोक विमानतळावर अडकले. कंपनीने काही जणांना बडतर्फ केलं. 9 मे ला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दोन्ही बाजू बसल्या. बडतर्फी मागे घ्यायचं ठरलं, क्रूने कामावर यायचं ठरलं.

प्रवाशांना राग आला, तो साहजिक आहे. पण यातली एक गोष्ट बातम्यांमध्ये मागे पडली. नोंदणीकृत युनियन होती, म्हणूनच समेटाच्या टेबलावर बसायला कोणी तरी होतं. त्याच्या महिनाभर आधी विस्ताराच्या वैमानिकांनी नव्या वेतनपद्धतीवर नाराजी दाखवली होती. हमीचे उड्डाणतास 70 वरून 40 वर येणार होते. तिथेही उड्डाणं रद्द झाली, कंपनीला दिवसाला 25 ते 30 उड्डाणं कमी करावी लागली. पण तिथे प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल आणि स्वतंत्र सही असा कारभार होता.

आणि आता एक बदल लक्षात घ्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेत संपाची व्याख्या वाढवली आहे. एखाद्या दिवशी 50 टक्के किंवा अधिक कामगारांनी एकत्र ठरवून नैमित्तिक रजा घेतली, तर तो संप धरला जातो. संपाला 14 दिवसांची आगाऊ नोटीस लागते, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येत नाही. ठरवून घेतलेली आजारपणाची रजा यात बसते का, यावर उद्या वाद होतीलच. पण एकदम सगळ्यांनी रजा टाकण्याचा मार्ग आता पूर्वीइतका मोकळा नाही, हे घरच्यांनीही समजून घेतलं पाहिजे.

युनियनची ताकद म्हणजे शेवटी टक्केवारी

इथे माझा कॉमर्सचा किडा वळवळतो, माफ करा. पण हा हिशेब समजला की बाकीचं सोपं होतं.

भारतात युनियनची नोंदणी करणं आणि मालकाने तिला मान्यता देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणी व्हायची. मान्यतेची सक्ती त्यात नव्हती. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात 30 टक्के सदस्य असलेल्या युनियनला मान्यता मिळायची सोय होती, पण विमानसेवा केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे विमान कंपन्यांना त्याचा उपयोग नव्हता. नव्या संहितेने देशभरासाठी नियम आणला. एकापेक्षा जास्त युनियन असतील, तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. कोणाकडेच 51 नसतील, तर वाटाघाटी परिषद बसणार. तिच्यात किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनलाच जागा, दर 20 टक्क्यांना एक प्रतिनिधी, आणि त्यावर उरलेल्या टक्क्यांसाठीही एक.

आता कल्पनेतलं उदाहरण घेऊ. एका लहान कंपनीत 600 कामगार, युनियनचे 400 सदस्य. म्हणजे जवळपास 67 टक्के, एकदम भक्कम. ही कंपनी 2,400 कामगारांच्या कंपनीत विलीन झाली. सदस्य तेच 400, एकही सोडून गेला नाही. पण भागाकार आता 3,000 ने करायचा. 13 टक्के. परिषदेतली एक जागासुद्धा नाही. समजा मोठ्या कंपनीतल्या युनियनकडे 1,300 सदस्य आहेत. तिचे 43 टक्के होतात, तिला तीन जागा. लहान कंपनीच्या मुलींच्या जुन्या भत्त्यांचं काय करायचं, हे त्या तीन जागांवर बसलेले ठरवणार.

काल बहुमतात असलेली युनियन एकही माणूस न गमावता अल्पमतात जाते. हे विलीनीकरणाचं गणित आहे, कोणी कट केला पाहिजे असं नाही.

केबिन क्रूला आणखी एक अडचण आहे. हजेरीपटावर फक्त क्रू नसतो. जमिनीवरचे कर्मचारी, तंत्रज्ञ, कामगार या व्याख्येत बसणारे सगळे मोजले जातात. फक्त क्रूची युनियन असेल तर भागाकाराचा आकडा तिच्यासाठी मोठाच राहतो. उलट पर्सर किंवा क्रूप्रमुखाला "एक्झिक्युटिव्ह" असा हुद्दा दिला आणि काम व्यवस्थापकीय मानलं, तर ती कामगार व्याख्येतून बाहेर पडते. एअर इंडियात 2023 मध्ये वैमानिकांना नवी वेतनरचना देऊ केली, तेव्हा याच मुद्द्यावर संघटना भडकल्या होत्या: चार वर्षं कमांडर राहिलेल्यांना व्यवस्थापन श्रेणीत टाकायचं होतं.

अमेरिकेत थेट मतदान होतं

तिथली पद्धत वेगळी आहे आणि आपला मुद्दा तिच्यातून स्वच्छ दिसतो. विमान कंपन्यांसाठी तिथे रेल्वे कामगार कायदा लागतो. विलीनीकरणानंतर नॅशनल मीडिएशन बोर्ड आधी ठरवतं, की दोन कंपन्या आता खरोखर एक झाल्या का. झाल्या म्हटलं की गरज असेल तिथे मतदान. आणि हे मतदान त्या त्या कामाच्या वर्गाचं. केबिन क्रूचं मत फक्त केबिन क्रू देणार.

डेल्टा आणि नॉर्थवेस्ट 2008 मध्ये एकत्र आल्या. नॉर्थवेस्टच्या क्रूची युनियन जुनी होती, डेल्टाच्या क्रूची नव्हतीच. 2010 मध्ये मतदान झालं. त्याच वर्षी नियमही बदललेला, आधी मत न देणारा "युनियन नको" असा मोजला जायचा, तो प्रकार बंद झालेला. तरी थोडक्या मतांनी युनियन हरली. नॉर्थवेस्टच्या क्रूकडे कित्येक वर्षांपासून असलेलं प्रतिनिधित्व गेलं, आणि त्याच्याबरोबर त्यांचा करारही.

युनायटेड आणि कॉन्टिनेन्टल 2010 मध्ये एकत्र आल्या. तिथे दोन्हीकडे युनियन होत्या, वेगवेगळ्या. मतदानात असोसिएशन ऑफ फ्लाईट अटेंडंट्स जिंकली. पण सगळ्यांचा मिळून एक करार व्हायला 2016 उजाडलं, आणि दोन्हीकडचा क्रू मिसळून एकाच विमानावर लावायला 2018. आठ वर्षं एकाच कंपनीत दोन क्रू. घाई केली नाही म्हणून त्या काळात दोघांचेही जुने करार चालू राहिले, हेही खरं.

सही कोणाची, हे का महत्त्वाचं

आपल्या कायद्यात करार दोन प्रकारचे. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनमध्ये नसलेल्यांनाही, पुढे भरती होणाऱ्यांनाही. आणि मालकाच्या जागी आलेल्या नव्या कंपनीलाही तो पाळावा लागतो. खासगीत बसून केलेला करार फक्त त्यात सहभागी असलेल्या बाजूंना. विलीनीकरणात पहिल्या प्रकारचा करार टिकाव धरतो.

मात्र ही तलवार दुधारी आहे. एअर इंडियात एके काळी बायकांनी 50 व्या वर्षी विमानातली ड्यूटी सोडायची आणि पुरुषांनी 58 पर्यंत उडायचं असा नियम होता. मुंबई हायकोर्टाने तो भेदभाव ठरवला. 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि त्यामागचं एक मोठं कारण हे, की या अटी संघटनांशी झालेल्या करारांतून आल्या होत्या. ज्यांना त्या पटत नव्हत्या, त्याही बांधल्या गेल्या. युनियन आहे एवढ्यावर भागत नाही, ती काय सही करते तेही बघावं लागतं.

विस्ताराच्या विलीनीकरणाच्या तोंडावर याची ताजी झलक दिसली. परगावी मुक्काम असताना क्रूने हॉटेलची खोली दोघांत वापरायची, असं धोरण एअर इंडियाने 1 डिसेंबर 2024 पासून जाहीर केलं. वरच्या हुद्द्याच्या क्रूला आणि अति लांबच्या उड्डाणांना सूट होती. ऑल इंडिया केबिन क्रू असोसिएशनने कामगार खात्याकडे धाव घेतली. मुद्दा खोलीच्या सोयी-गैरसोयीपुरता नव्हता. क्रूच्या सेवाशर्तींचा वाद न्यायाधिकरणापुढे प्रलंबित आहे, तो निकाली निघेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवा, असं संघटनेचं म्हणणं होतं. एकट्यादुकट्या मुलीला झोप नीट होत नाही एवढंच म्हणता आलं असतं. जुन्या खटल्याचे कागद संघटनेकडेच असतात.

पत्र आलं तर काय बघायचं

अनगोळच्या गृहस्थांबरोबर बसून मी ते पत्र वाचलं तेव्हा पेन्सिलने चार ठिकाणी खुणा केल्या.

रुजू झाल्याची तारीख जुनीच आहे ना. ग्रॅच्युइटी, रजा, ज्येष्ठता सगळं त्यावर. मुदतीच्या करारावर असेल तर हे जास्तच जपायचं, कारण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या नोकरीवाल्याला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी धरली आहे, आणि तारीख तुटली की हिशेब तुटतो. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन तोच राहायला हवा.

दुसरं, ज्येष्ठता यादी. मूळ कंपनीत रुजू झाल्याची तारीख धरणार, की विलीनीकरणाची? बढती, मुक्कामाचं शहर, कुठल्या विमानावर ड्यूटी, बरंच काही त्या यादीवर चालतं.

तिसरं, पगाराची बेरीज न बघता हमीचा भाग किती आणि उडाल्यावर मिळणारा किती. महिना मंदीचा गेला, आजारपण आलं, तेव्हा हमीचाच भाग हातात येतो.

चौथं, हुद्दा. "एक्झिक्युटिव्ह", "मॅनेजर" वाचून घरच्यांना आनंद होतो. पण त्या शब्दामागे काम काय आहे ते विचारायचं.

कामगार व्याख्येत बसणाऱ्यांच्या पगार, कामाचे तास, रजा अशा शर्ती बदलायच्या असतील तर मालकाला 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. करारातून किंवा निवाड्यातून बदल होत असेल तर ही नोटीस लागत नाही. आणि कर्मचाऱ्याने स्वतःच नव्या शर्ती मान्य केल्याची सही दिली, तर पुढे "बदल माझ्यावर लादला" असं म्हणणं अवघड होतं. सही कशाला पाहिजे, या प्रश्नाचं उत्तर तेच.

मुलीच्या पत्रात रुजू झाल्याची तारीख जुनी होती. ज्येष्ठतेबद्दल एक ओळही नव्हती. गृहस्थांनी तिला फोन लावला आणि सांगितलं, "सही करू नको अजून. तुमच्यात युनियन आहे काय, ते आधी विचार." ती म्हणाली, जुन्या कंपनीत एक होती, इकडे कोण बघतं ते माहीत नाही, बॅचच्या ग्रुपवर विचारते.